जामखेड ते अल्मा-आटा

तीन बोटांच्या चिमटीत मावेल एवढं मीठ, मूठभर साखर, अर्धा लिटर उकळून गार केलेलं पाणी. मग आधी आपण चाखायचं. डोळ्यातल्या पाण्याहून खारट लागलं तर ओतून द्यायचं, नव्याने करायचं. जामखेडजवळच्या एका गावात आरोग्य सेविकेने मला हे हगवणीवरचं पाणी करून दाखवलं. शाळेचं तोंड न पाहिलेली बाई, पण सांगताना कुठे अडखळली नाही. तिच्यासारख्या बायकांना तयार करणारं काम इथे उभं केलं ते एका ख्रिस्ती डॉक्टर दांपत्याने.

'मिशनरी' म्हटलं की आपल्याकडे गाडी थेट धर्मांतरावर येते. तो प्रश्न विचारूच नका असं माझं म्हणणं नाही. पण तेवढंच बोलत राहिलो तर आपल्याच मातीतली फार मोठी गोष्ट हातून निसटते.

डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे वेल्लोरला शिकले, पुढे अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्सला, आणि 1970 साली जामखेडला आले. गावातल्या बायकांनाच त्यांनी आरोग्य सेविका म्हणून शिकवलं. श्रद्धेने ख्रिस्ती. दुष्काळात विंधन विहिरी घ्यायची वेळ आली, तेव्हा त्या दलित वस्तीत घेतल्या. पाणी हवं तर सगळ्या गावाने तिथे जायचं! मला हे कोणत्याही भाषणापेक्षा मोठं वाटतं.

तिकडे जिनिव्हात जागतिक चर्च परिषदेने, म्हणजे जगभरच्या चर्चांच्या संघटनेने, 1968 साली वैद्यकीय आयोग नेमला होता. त्याने आपल्याच मिशन हॉस्पिटलांचा हिशोब मांडला: पैसा आणि डॉक्टर इमारतींत अडकलेले, आणि खेड्यातली पोरं साध्या हगवणीने दगावतायत. पिढ्यान्‌पिढ्या उभं केलेलं आपलंच काम असं तपासायला धाडस लागतं. आयोगाने वेगळी वाट धरलेली कामं शोधली: जामखेड, इंडोनेशिया, ग्वाटेमाला. जागतिक आरोग्य संघटनेचं मुख्यालयही जिनिव्हातच. 1974 पासून आयोग आणि संघटना यांनी एकत्र बसून काम केलं, 1975 मध्ये संघटनेच्या पुस्तकात जामखेड आलं, आणि सप्टेंबर 1978 मध्ये तेव्हाच्या सोव्हिएत संघातल्या अल्मा-आटाला (आजचं कझाकस्तानातलं अल्माटी) 134 देशांच्या प्रतिनिधींसमोर प्राथमिक आरोग्य सेवेचा जाहीरनामा मांडला गेला. त्यामागे बाकीही बरंच होतं, पण जामखेडच्या बायकाही होत्या.

आरोळे दांपत्याला 1979 साली मॅगसेसे मिळाला. पण आमच्या पाठ्यपुस्तकात या बायकांवर एक ओळसुद्धा नव्हती, याचं मला आजही वाईट वाटतं. निघताना त्या सेविकेने तांब्या माझ्यापुढे धरला. म्हणाली, "आता तुम्ही करून दाखवा."