बत्तीस लिटरची होडी

परवा रात्री अवकाळी पडला आणि सोसायटीच्या आवारात ट्रेलरवर ठेवलेल्या माझ्या होडीत पाणी साचलं. ताडपत्री उडून शेजारच्या कंपाउंडवर वाळत घातल्यासारखी पडली होती. होडी शिडाची, प्लायवूडची, बारा फुटी, मित्राबरोबर भागीत घेतलेली. हिप्परग्याच्या तलावाच्या काठावरून डागडुजीसाठी घरी आणली होती. सोलापुरात होडी कशाला, हे विचारणारे तुम्ही पहिले नाही, त्यामुळे उत्तर देत बसत नाही.

पाणी तरी किती? बोटाच्या अर्ध्या पेराएवढं. आणि सगळा छळ त्या अर्ध्या पेराचाच. गोल बुडाच्या होडीत पाणी कढईतल्या तेलासारखं मधोमध येऊन थांबतं. सपाट बुडाच्या होडीत ते परातीत सांडल्यासारखं पसरतं, कुठेच धड हाती लागत नाही. तांब्या बुडत नाही. मग कूलरचा पंप लावला. (सोलापूरकराच्या घरी कूलरचे पंप दोन असतात, त्यातला एक चालतो.) त्याला बुडायला इंचभर तरी पाणी लागतं. दोन घोट ओढले आणि लागला हवा प्यायला. बंद केला तर पाइपात चढलेलं पाणी सुर्रकन परत होडीत.

मग ट्रेलरच्या एका चाकाखाली विटा घालून होडी कलती केली. पाणी कोपऱ्यात यायला हवं होतं, पण आलं नाही. बुडाला आडव्या पट्ट्या असतात आणि पाणी पुढे सरकावं म्हणून प्रत्येक पट्टीला खाली करंगळीएवढं भोक असतं. ते बुजलेलं. झाडूची काडी घालून कोरलं तर आतून शेंगेचं टरफल निघालं. मागच्या रविवारी तलावात बसून शेंगा कुणी खाल्ल्या, हे भागीदाराला विचारलं की तो माझं नाव घेतो.

‘राहू दे की तेवढं पाणी’ असं म्हणता येत नाही. तलावात शिडात वारं भरून होडी कलली की आतलं पाणीही त्याच बाजूला धावतं आणि तिला आणखी कलवतं. ऐन वेळी बहुमताकडे पळणारी माणसं असतात ना, तसं. शिवाय पावसाचं गोडं पाणी साचून राहिलं की प्लायवूड कुजतं.

शेवटी टॉवेल घेतला. सोलापुरी टॉवेल. तो पाणी पितो यात वाद नाही, पण पिळताना मनगटं गळ्यात येतात. टॉवेल टिप, पिळ, बादलीत टाक. एक बादली भरली, ती गटारीत ओतणार तोच मागून आवाज आला.

“काय करलालास बे?”

तळमजल्यावरचे काका. लुंगी, बनियन, हातात रिकामी कळशी. आज पाण्याची पाळी होती आणि नळाला नुसती हवा येत होती.

“पाणी काढतोय, काका.”

“अन् फेकलालास?”

“पावसाचं आहे.”

“मग? पावसाचं पाणी पाणी नसतंय का?” त्यांनी होडीत वाकून पाहिलं. “किती लिटरची हाय?”

“टाकी नाही काका, होडी आहे.”

“ते दिसलालंय मला. लिटर किती?”

खरं तर मी तिथेच गप्प बसायला हवं होतं. पण हिशेब तोंडपाठ होता. बूड साधारण सव्वातीन चौरस मीटर, त्यावर एक सेंटीमीटर पाणी म्हणजे बत्तीसेक लिटर.

“बत्तीस?” काकांनी होडीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत नजर फिरवली. “एवढ्या लांबड्या भांड्यात बत्तीसच? गंडवलं की बे तुला! झाकण बी नाय. नळ बी नाय.”

“होडीत पाणी असून चालत नाही, काका.”

“पाण्यात होडी चालती की.”

“बाहेर चालतं. आत नाही चालत.”

“म्हंजे आमच्या नळासारखं,” काका म्हणाले आणि माझ्या हातातली बादली काढून घेऊन गेले. टॉवेल पिळपिळून भरलेली बादली! रिकामी परत आणून दिली आणि वर म्हणाले, “तळाला वाळू राहती. गाळून देत जा.”

राग काकांचा आला नाही असं नाही. पण त्यांनी तरी काय करावं? गावात सिद्धेश्वर तलाव आहे, कंबर तलाव आहे, तुळजापूर रस्त्याला १८७१ साली बांधलेला हिप्परग्याचा तलाव आहे. जिल्ह्यात ११७ टीएमसीचं उजनी आहे. एवढ्या पाण्याच्या शेजारी राहून आम्ही चार-चार, पाच-पाच दिवस ड्रमात डोकावून पाहायचं आणि नळ आला की मध्यरात्री लग्नघरासारखी धावपळ करायची. पाहुण्याने दुसऱ्यांदा हात धुतले की आमच्याकडे यजमानाचा चेहरा उतरतो. असो. दुपारपर्यंत टिपून टिपून होडी कोरडी केली, हात फिरवून पाहिला आणि झोपलो.

नळ रात्री दोनला आला. मला जाग आली नाही. सकाळी खाली उतरलो तर होडीवर माझीच ताडपत्री, चारी बाजूंनी विटा ठेवून नीट ताणलेली. उचलली. आत चार बोटं पाणी, स्वच्छ, निवांत. दोनशे लिटर तरी असेल. ट्रेलरची चाकं चपटी झाली होती. कडेला काकांच्या घरातला हिरवा पाइप लोंबत होता.

“ड्रम भरले, कळश्या भरल्या, नळ चालूच,” काका मागून म्हणाले. “वाया घालवायचं का मग? तुझं ते भांडं मोकळंच होतं.”

कूलरचा पंप आता छान बुडाला असता. मी तो आणायला वळलो, तर काका आडवे झाले.

“हात लावू नको बे. शुक्रवारपर्यंत पुरवायचंय.”