केंद्रातून घरी आल्यावर

चंद्रपूरची दारूबंदी 2015 साली लागू झाली आणि 2021 साली उठली. दोन्ही वेळी मराठी वर्तमानपत्रांत रकानेच्या रकाने भरले. जानेवारी 2022 मध्ये सुपरमार्केटात वाइन विकू द्यायचा निर्णय झाला, तेव्हाही तसंच. पुण्यात एमडी या अमली पदार्थाचा साठा सापडला की पुन्हा आठ दिवस गदारोळ. श्टुटगार्टमध्ये बसून हे सगळं वाचताना मला दरवेळी एकच माणूस त्यात सापडत नाही: उपचार घेऊन, व्यसन सोडून, कालच घरी परतलेला. दुकान उघडं असावं की बंद, छापा पडला की नाही, यावर आपण तावातावाने भांडतो. त्या माणसाचं पुढे काय, हा प्रश्न त्याच्या घरच्यांवर सोडून देतो.

जर्मनीला मी सोवळा देश म्हणणार नाही. इथे सोळाव्या वर्षी मुलगा दुकानातून बिअर विकत घेऊ शकतो आणि गावाची जत्रा बिअरशिवाय होत नाही. पण 1968 साली इथल्या सर्वोच्च सामाजिक न्यायालयाने दारूचं व्यसन हा आजार आहे असा निकाल दिला आणि उपचाराचा खर्च कोणी उचलायचा याला कायदेशीर आधार मिळाला. आज नोकरदार माणसाच्या व्यसनमुक्तीचा खर्च बहुतेक वेळा पेन्शन विमा देतो. हिशेब सरळ आहे. चाळिशीतला माणूस कायमचा कामातून गेला तर त्याला पेन्शन द्यावी लागेल. त्यापेक्षा त्याला कामावर टिकवणं स्वस्त पडतं. म्हणूनच व्यसनमुक्ती केंद्रातले तीन-साडेतीन महिने संपले की हात झटकले जात नाहीत. पुढचं सहा महिने ते वर्षभर घराजवळच्या सल्ला केंद्रात, काम सुटल्यावर संध्याकाळी, साधारण 20 बैठका. घरच्यांसाठीही एक-दोन. याला ते ‘नाखझोर्गे’ म्हणतात. पहिल्या दिवसापासून आठ तास काम झेपत नसेल तर चार तासांपासून सुरुवात करून हळूहळू वाढवता येतं. स्वमदत गटांना आरोग्य विमा कंपन्यांनी पैसे द्यायचे, हेही कायद्यातच आहे.

या मधल्या महिन्यांना इतकं महत्त्व का, ते समजून घेतलं पाहिजे. अंगातली दारू उतरायला, हातांची थरथर थांबायला आठ-दहा दिवस पुरतात. झोप, चिडचिड, अचानक उसळणारी तलफ यांना महिनोन्‌महिने लागतात. आणि माणूस परततो तो त्याच पानटपरीवरून, त्याच मित्रांच्या ‘आज बसायचं का?’मध्ये. अमेरिकन वैद्यक संघटनेच्या नियतकालिकात 2000 साली एक गाजलेला लेख आला होता. उपचारानंतर वर्षभरात 40 ते 60 टक्के लोक पुन्हा व्यसनाकडे वळतात, आणि मधुमेह, रक्तदाब, दमा यांच्या रुग्णांचा त्रास उलटण्याचं प्रमाणही याच्याच आसपास असतं, असं त्यात दाखवलं होतं. मधुमेह्याची साखर वाढली तर आपण त्याला डॉक्टरकडे नेतो. दारू सोडलेल्याने एकदा घेतली तर म्हणतो, ‘पैसे पाण्यात गेले.’ गर्द घेणाऱ्याच्या बाबतीत तर हा काळ जिवावरचा असतो. शरीराची सवय मोडलेली असते आणि तो जुन्याच मापाने घेतो.

माझा मावसभाऊ दोनदा केंद्रात राहून आला. केंद्र कोणतं ते महत्त्वाचं नाही, उपचार बरेच होते. निघताना गोळ्यांची चिठ्ठी आणि ‘दर महिन्याला येत जा’ एवढं मिळालं. जाऊन-येऊन पूर्ण दिवस जायचा, रोजंदारी बुडायची. तिसऱ्या महिन्यात जाणं बंद झालं आणि हळदीच्या एका रात्री पुन्हा सुरू झाली. वहिनीला कोणी सांगितलं नव्हतं की चिडचिड हा आजाराचा भाग आहे, संशयाने खिसे तपासू नकोस, आणि एस्पेरलची गोळी (ती घेतल्यावर दारू प्यायली की त्रास होतो) त्याच्या नकळत वरणात मिसळू नकोस. ही शेवटची गोष्ट मोठ्याने सांगायला हवी. त्या गोळीवर दारू पोटात गेली तर रक्तदाब इतका घसरू शकतो की जीव जाईल. तरीही ‘न सांगता दारू सोडवा’ अशा जाहिराती भिंतींवर रंगवलेल्या दिसतात.

आपल्याकडे काहीच नाही असं मात्र नाही, आणि परदेशात राहणाऱ्यांनी तसं बोलूही नये. 1986 साली डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी पुण्यात मुक्तांगण सुरू केलं. तिथे व्यसनातून बाहेर पडलेलेच पुढे कार्यकर्ते होतात, घरच्यांना उपचारात धरलं जातं, फॉलोअपला मान आहे. गडचिरोलीत मुक्तिपथ या व्यसनमुक्तीच्या कार्यक्रमाने तालुक्यापर्यंत क्लिनिक नेली. अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस या दारू सोडू पाहणाऱ्यांच्या स्वमदत गटाच्या मीटिंगा मराठीतही चालतात, एक पैसा न घेता. हे धन जर्मनीतल्या मराठी माणसाला मिळत नाही. जर्मन समुपदेशक कितीही भला असला तरी बापाच्या मयताला आपण पिऊन गेलो होतो, हे परक्या भाषेत सांगता येत नाही. इथली दोन मराठी घरं मला माहीत आहेत. दोघांनीही भारतातल्या मीटिंगला फोनवरून बसायला सुरुवात केली आणि इथल्या बैठका तोंडदेखल्या उरकल्या.

पण चांगल्या संस्थांच्या जिवावर किती दिवस ढकलायचं? 2019 च्या राष्ट्रीय पाहणीत दिसलं की दारूच्या आहारी गेलेल्या 38 जणांपैकी एकालाच कुठलाही उपचार मिळतो. त्या एकाच्या पाठीशी तरी नीट उभं राहायला नको? 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याने व्यसनाशी जोडलेल्या मानसिक स्थिती आजारात धरल्या आणि मानसिक आजाराला शारीरिक आजारासारखंच विमा संरक्षण द्या असं सांगितलं. तरीही आरोग्य विम्याची पॉलिसी उघडा, वगळलेल्या गोष्टींच्या यादीत ‘एक्सक्लुजन 12’ दिसेल: दारू, अमली पदार्थ, कोणतंही व्यसन आणि त्याचे परिणाम. मला याची चीड येते. दारूच्या उत्पादन शुल्कातून राज्याच्या तिजोरीत दरवर्षी हजारो कोटी जमा होतात, त्या पैशावर याच माणसांचा पहिला हक्क आहे.

मागणी फार मोठी नाही. आठवड्यातून एक संध्याकाळ प्रत्येक ग्रामीण रुग्णालयातली एक खोली द्या, एक प्रशिक्षित समुपदेशक आणि स्वतः व्यसनातून बाहेर पडलेला एक माणूस पगारावर नेमा. केंद्रातून डिस्चार्ज देतानाच पहिल्या बैठकीची तारीख हातात द्या. माणूस आला नाही तर दुसऱ्या दिवशी फोन करा, आणि पिऊन आला तरी दार लावू नका. बाजूची दुसरी खोली त्याच वेळी वहिनीसारख्यांसाठी उघडी ठेवा.