पुतळे हलवले म्हणून इतिहास पुसला गेला? मला नाही पटत

दादा, एवढी सविस्तर कमेंट लिहिलीत त्याबद्दल आधी थँक्यू. मुंबईतल्या चौकांतून इंग्रजांचे पुतळे हलवले ते योग्यच झालं, असं मी लिहिलं होतं. त्यावर तुमचं म्हणणं असं की ते हलवून आपण आपलाच इतिहास पुसला, आणि माझ्या लॉजिकने जायचं तर मग सीएसएमटीपण पाडायला पाहिजे.

अहो, सीएसएमटीला रोज लाखो लोक लोकल पकडतात, ती कधीच आपली झालीय. त्याच इमारतीवर घड्याळाखाली व्हिक्टोरियाचा पुतळा होता, तो गेला, कोनाडा रिकामा आहे, काय बिघडलं स्टेशनचं? चौकात उंच चौथऱ्यावर माणूस बसवतात तो येणाऱ्या-जाणाऱ्याने मान वर करून बघावं म्हणूनच, त्यात मानच असतो, नुसती माहिती नसते.

आणि हे बसवले कोणी ते पण बघा ना. फोर्टातल्या संगमरवरी व्हिक्टोरियाचा खर्च बडोद्याच्या गायकवाडांनी केला, १८७२ ला उद्घाटन झालं. काळ्या घोड्यावरचा एडवर्ड, तेव्हाचा प्रिन्स ऑफ वेल्स, अल्बर्ट ससूनने दिलेला, १८७९ चा. गिरगावातल्या नाहीतर परळच्या माणसाला कोण विचारायला गेलं होतं? १८९६ मध्ये दामोदर चापेकरांनी त्याच व्हिक्टोरियाला डांबर फासून चपलांची माळ घातली. हा पण इतिहासच ना दादा, की इतिहास फक्त दगडाचा?

फोडून टाका असं मात्र मी कुठेच लिहिलेलं नाही. १९६५ ला एडवर्डला घोड्यासकट भायखळ्याच्या राणीबागेत नेलं ते योग्यच झालं, आणि तरी तो आधी उभा होता त्या नाक्याला आजपण सगळे काळा घोडाच म्हणतात. मला त्रास वेगळ्याच गोष्टीचा होतो. राणीबागेला लागूनच असलेल्या भाऊ दाजी लाड म्युझियमच्या आवारात तीच फोर्टातली व्हिक्टोरिया आहे, नाक तुटलेली, पोरं विचारतात हिचं नाक कुठे गेलं, आणि आईवडील "असेल कोणतरी इंग्रज राणी" म्हणून त्यांना ओढत पेंग्विन बघायला नेतात. तिथे मोठ्या अक्षरात, मराठीत लिहिलेलं पाहिजे की पैसे कोणी दिले, कोणाला खूश करायला दिले, चापेकरांनी काय केलं, इथे का आणली. नुसतं शिल्पकाराचं नाव आणि साल लिहून भागत नाही.

२०१७ ला काळ्या घोड्याला बिनस्वाराचा घोडा बसवला तो मला मनापासून आवडतो. पण एडवर्डला परत त्यावर चढवा असं कोणी म्हणत असेल तर माझा ठाम विरोध आहे.