डिसेंबरात बर्फाची लादी

झोप येत नाही, असं बेळगावच्या वडगावात कुणाला सांगायची सोय नाही. आमच्याकडे रात्रभर यंत्रमाग खडखडतात आणि त्या खडखडाटात माणसं गाढ झोपतात. लाइट जाऊन माग थांबले, की मग अख्खी गल्ली दचकून उठते. अशा ठिकाणी कुणी 'डोळ्याला डोळा लागत नाही' म्हणालं की लोक आधी संशयानं बघतात आणि मग औषध सांगतात. जायफळ उगाळून झालं, हळदीचं दूध झालं. तळपायाला काशाची वाटी घासायचाही प्रयोग झाला. घासता घासता बायकोलाच झोप लागली.

मग बेंगळुरूहून भाच्याचा फोन आला. तो आयटीत आहे, त्यामुळे त्याला सगळंच कळतं. "मामा, झोपेत शरीराचं आतलं तापमान साधारण एक डिग्रीनं उतरतं. तुमचं उतरत नसणार. झोपायच्या आधी दोन मिनिटं बर्फाच्या पाण्यात बसा." मागोमाग नेदरलँड्सच्या विम हॉफचे व्हिडिओ आले. हा गृहस्थ नुसत्या चड्डीवर बर्फात बसून हसतो. मी ते दुलईत बसून बघितले. बेळगाव समुद्रसपाटीपासून साधारण 2500 फुटांवर. डिसेंबरात रात्री पारा 13-14 वर येतो. इथं थंडी फुकट मिळते. पण भाचा म्हणाला, पाणीच 10 ते 15 डिग्री पाहिजे, हवा चालत नाही.

बर्फाच्या कारखान्यात उन्हाळ्यात रसवंतीवाल्यांची रांग असते. डिसेंबरात मी एकटाच. "एक लादी द्या," म्हटल्यावर मालकानं हातातला पेपर घडी करून बाजूला ठेवला.

"यार् होद्री? कोण गेलं?"

तेव्हा कुठं माझ्या ध्यानात आलं. थंडीच्या दिवसांत अख्खी लादी आमच्याकडे एकाच कामाला लागते. लेक मुंबईहून निघालेली असते, मुलगा दुबईहून यायचा असतो, तोवर घरच्या माणसाला ठेवावं लागतं. मी म्हटलं, "तसं काही नाही, मलाच पाहिजे." त्यानं माझ्याकडं नीट बघून घेतलं आणि दोन लाद्या घेऊन जायला सांगितलं. म्हणाला, "पाव्हणे लांबचे असतील तर एक पुरत नाही बघा."

भुसा लावून, गोणपाटात गुंडाळून लादी रिक्षात चढली. रिक्षावाल्यानं स्वतःहून गाणं बंद केलं. गल्लीत शिरताना वेगही कमी केला. लादी उतरवायला न बोलावता चौघं धावली आणि त्यांतल्या एकानं पायातल्या चपला काढल्या.

पुढचा अर्धा तास मी परसात लादी फोडून पाण्याच्या बॅरलात टाकत होतो, त्यामुळे पुढच्या दारी काय चाललंय याचा पत्ता नव्हता. शेजारच्या वैनी डोक्यावरून पदर घेऊन आल्या. मागच्या घरातून चहाची किटली आली. कुणीतरी पिठलं-भाताचं पातेलं आणून ठेवलं, कारण अशा घरात चूल पेटवायची नसते. सगळ्यांनी मनात एकच हिशेब केला होता: घरात ऐंशी ओलांडलेलं माणूस एकच, माझी आई. वैनींनी हुंदका द्यायला तोंड उघडलं आणि आई आतून शेंगा फोडत बाहेर आली.

"का गं? कोण गेलं?"

सगळ्या माझ्या बायकोकडं बघायला लागल्या. बायको म्हणाली, "कोण नाही गेलं. ह्यांना झोप येत नाही म्हणून बर्फ आणलाय." यावर जी शांतता पसरली, ती खऱ्या मयतीलाही नसते. आई तेवढी म्हणाली, "मी हाय की अजून. चहा गार व्हायलाय, घ्या."

एवढी माणसं जमल्यावर माघार घेणं शक्य नव्हतं. मराठा लाइट इन्फंट्रीतून निवृत्त झालेले सुभेदार समोरच राहतात. ते म्हणाले, "सियाचीनला आम्ही बर्फ वितळवून पाणी प्यायचो. तुम्ही त्यात बसायला पैसे मोजताय?" आणि बॅरलपाशी पहाऱ्याला उभे राहिले. स्टुलावर चढून मी एक पाय घातला, दुसरा घातला आणि गुडघे मोडले. पाणी पोटापाशी आलं तशी छाती आत खेचली गेली. श्वास आत गेला तो बाहेर यायचं नाव घेईना. सुभेदार ओरडत होते, "सोड! श्वास सोड म्हणतो!" बर्फाचा एक तुकडा बगलेत येऊन बसला होता, त्याला हलवायला हात उचलेना. भाच्याच्या दोन मिनिटांतलं एक तरी झालं असेल का, याची शंका आहे.

त्या रात्री मी जितका जागा होतो तितका नोकरीत असतानाही कधी नव्हतो. कुठल्या मागाचा पट्टा सैल आहे, तेसुद्धा मला अंथरुणात कळत होतं.

सकाळी डॉक्टरांकडं गेलो. आधी त्यांनी बीपी बघितलं, मग आवाज चढवला. म्हणाले, अचानक गार पाणी लागलं की काळीज धडधडतं, नॉरॲड्रेनलिन नावाचं संप्रेरक वाढतं, म्हणजे शरीर झोपायचं सोडून पळायची तयारी करतं. कातडीखालच्या रक्तवाहिन्या आवळतात, मग आतली उष्णता आतच कोंडते, वर कुडकुडून आणखी तयार होते. झोपेसाठी ती तळहात-तळपायांतून बाहेर पडावी लागते आणि त्या वाटा मोकळ्या होतात गरम पाण्यानं. टेक्सास विद्यापीठातल्या संशोधकांनी 2019 मध्ये जुने अभ्यास एकत्र तपासले होते: झोपण्याआधी एक ते दोन तास, 40 ते 42.5 डिग्रीच्या पाण्यानं अंघोळ केली तर सरासरी दहा मिनिटं लवकर झोप लागते. दहाच मिनिटं! एवढ्यासाठी टेक्सास कशाला, आमच्या न्हाणीत आजीच्या काळापासून तांब्याचा बंब उभा आहे. संध्याकाळी आईनं तो पेटवला. पेटवताना ती काही बोलली नाही, हे मला जास्त लागलं.

आता बंबाच्या पाण्यानं बरी झोप लागते. अडचण राहिली ती पातेल्याची. शेजारचं भांडं रिकामं परत द्यायचं नाही, ही आमच्याकडची रीत. पण दुखवट्याला आलेल्या पातेल्यात, कुणी गेलेलंच नसताना, घालायचं तरी काय? दोन दिवस खल झाला. शेवटी आईनं कॅम्पातून पाव किलो कुंदा, म्हणजे आमची बेळगावी मिठाई, मागवला आणि पातेल्यात घालून स्वतः नेऊन दिला. वैनींनी विचारलं, "कुंदा कशाचा, आत्ती?"

"मी जिती हाय त्याचा," आई म्हणाली.