आयात शुल्क म्हणजे मंत्र्याची सही नव्हे

परवा सांगलीच्या मार्केट यार्डात सोयाबीनची पोती उतरवून अडत्याच्या गादीवर बसलो होतो. जो तो मोबाईलवर एकच मेसेज दाखवत होता: "आयात शुल्क म्हणजे मंत्र्याची एक सही. संसदेचा संबंध नाही, खासदाराला धरून उपयोग नाही. शुल्क उतरवून भाव पाडला तर कोर्टात जा, लगेच स्थगिती मिळते."

आधी सहीचं बघू. कायद्याचा आधार नसेल तर कर लावता येत नाही, हे राज्यघटनेचं कलम २६५. सीमाशुल्काचे, म्हणजे आयात शुल्काचेही, दर संसदेनं १९७५ च्या सीमाशुल्क दर कायद्याच्या अनुसूचीत, म्हणजे दरांच्या तक्त्यात, घालून दिलेत. सरकारच्या हातात १९६२ च्या सीमाशुल्क कायद्याचं कलम २५ आहे, आणि ते फक्त सूट देण्याचं. लोकहितासाठी अधिसूचना काढून दर खाली आणता येतो, अनुसूचीच्या वर नेता येत नाही. सप्टेंबर २०२४ मध्ये कच्च्या सोयातेलाचं मूळ शुल्क शून्याचं २० टक्के झालं, तेव्हा यार्डात सगळे "वाढलं, वाढलं" म्हणत होते. खरं तर सूट कमी झाली होती. मे २०२५ च्या अखेरीला ते १० वर आलं, म्हणजे सूट पुन्हा वाढली. अनुसूचीतलाच दर तातडीनं वाढवायचा असेल तर तशी वाट कायद्यात आहे, पण मग सरकारला संसदेत ठराव आणून मंजुरी घ्यावी लागते.

खासदाराबद्दलचं वाक्य मला सगळ्यात घातक वाटतं. त्याच १९६२ च्या कायद्याच्या कलम १५९ प्रमाणे सुटीची अधिसूचनाही दोन्ही सभागृहांपुढे ३० दिवस ठेवावी लागते. दोन्ही सभागृहं सहमत झाली तर ती बदलता येते, रद्दही करता येते. सहीची ताकद संसदेनं उसनी दिलेली आहे, मग जाब तिथंच विचारायचा.

कोर्टाचं म्हणाल तर पिशवी सैल करण्याआधी कासिंका ट्रेडिंगचा १९९४ चा निकाल वकिलाला विचारा. पीव्हीसी रेझिनवरची सूट सरकारनं मुदतीआधीच काढली, आयातदार सर्वोच्च न्यायालयात गेले आणि हरले. लोकहितासाठी सूट मागे घेता येते, असं न्यायालयानं सांगितलं. अधिकार कायद्यात होता का, तो मनमानीनं वापरला का, एवढं कोर्ट तपासतं. दर किती असावा हे ते ठरवत नाही.

तेव्हा वर्गणी वकिलासाठी गोळा करू नका. खासदाराला पत्र लिहा, त्यात अधिसूचनेची तारीख घाला आणि सभागृहात काय विचारलंत ते कळवा म्हणावं. पावसाळी अधिवेशनाआधी पत्र पोचलं पाहिजे. सोयाबीन तेव्हा फुलोऱ्यात असतं, भाव अजून पडलेला नसतो.