टेन्सरशिवाय विश्व : एका प्रतिक्रियेला उत्तर

सर, नमस्कार. (नाव लिहिलेलं नाही, पण ‘पंचवीस वर्षं एमएस्सीला सापेक्षता शिकवली’ म्हणालात म्हणून सर म्हणतोय. मॅडम असाल तर माफी असावी.)

टी.वाय. बीएस्सीच्या मुलांना सहा तासांत विश्वशास्त्राची तोंडओळख कशी करून दिली, यावर मी लिहिलं होतं. तुमचं म्हणणं असं, की हा गोष्टींचा तास झाला. सामान्य सापेक्षता आणि तिला लागणारं टेन्सरचं गणित न शिकवता फ्रीडमनचं समीकरण, म्हणजे विश्व किती वेगानं प्रसरण पावतं ते सांगणारं सूत्र, फळ्यावर काढणं ही मुलांची फसवणूक आहे, विश्वाच्या प्रसरणाचा हबलनं काढलेला जो आकडा चुकला, त्यावर अख्खा तास घालवणं ही चैन आहे, आणि नारळीकरांच्या महाराष्ट्रात महास्फोट ‘सिद्ध झाल्यासारखा’ शिकवणं बरं नव्हे.

‘गोष्टींचा तास’ हे मात्र लागलं. पहिल्या तासाला मी एकही गोष्ट सांगत नाही. थ्री-सी 273 या क्वेसारच्या (फार दूरच्या, अतितेजस्वी दीर्घिका-केंद्राच्या) वर्णपटाची झेरॉक्स वाटतो आणि पट्टी काढायला लावतो. हायड्रोजनच्या दोन रेषा शोधायच्या. प्रयोगशाळेत त्या 486 आणि 434 नॅनोमीटरला असतात, झेरॉक्सवर सापडतात 563 आणि 503च्या आसपास. यंदा मागच्या बाकावरची एक मुलगी वही घेऊन आली, “सर, माझं चुकलंय. एक रेषा 77नी सरकली आणि दुसरी 69नीच.” म्हटलं, वजाबाकी सोड, भागून बघ. दोन्हीकडे 1.16 आलं. ती जागेवर न जाता तिथेच उभी राहिली आणि तिसरी रेषा शोधायला लागली. प्रकाश तिथून निघाल्यापासून विश्व तेवढ्या पटीनं ताणलं गेलंय, हे वाक्य मी त्यानंतर उच्चारतो. स्केल फॅक्टर (विश्व किती पटीनं ताणलं ते सांगणारा आकडा) हा शब्द तर आणखी दोन तासांनी येतो.

आता फ्रीडमन. लेखात मी ते एका ओळीत उरकलं होतं, म्हणून तुमचा गैरसमज झाला असेल तर चूक माझी. फळ्यावर एक गोल काढतो, कडेला एक दीर्घिका. तिची गतिज ऊर्जा आणि स्थितिज ऊर्जा यांची बेरीज कायम, आणि वेग म्हणजे एच (हबलचा स्थिरांक) गुणिले अंतर. अकरावीत मुक्तिवेगाचं गणित केलेलं असतं, तेच हे. त्यातून क्रांतिक घनता, म्हणजे प्रसरणाचा वेग नेमका मुक्तिवेगाइतका ठरेल अशी घनता, निघते : तीन एच वर्ग भागिले आठ पाय जी. एच 70 (किलोमीटर दर सेकंदाला, दर मेगापार्सेक अंतरामागे) धरून कॅल्क्युलेटरवर उत्तर येतं घनमीटरला हायड्रोजनचे साधारण साडेपाच अणू. आमची वर्गखोली दहा बाय आठ, उंची चार मीटर. म्हणजे खोलीभर मिळून पावणेदोन हजार अणू. त्यात साधं, अणूंचं बनलेलं द्रव्य पाच टक्केच, म्हणजे नव्वदेक अणू. वर्गात पोरं साठ. हे ऐकल्यावर होणारी शांतता मला टेन्सर शिकवून मिळवता आली नसती.

आणि ही पळवाट माझी नव्हे. फ्रीडमननं आइन्स्टाइनच्या समीकरणांवरून 1922 साली जे काढलं, ते न्यूटनवरूनही मिळतं हे मिल्न आणि मॅक्‌क्री यांनी 1934 साली दाखवलं. टेन्सर येईपर्यंत थांबायचं म्हटलं तर वर्गातली चार-पाच पोरं तिथवर पोचतील. बाकीची एमपीएससी, बी.एड. नाहीतर बँकेच्या परीक्षांकडे जातात. त्यांना काहीच न सांगणं हा प्रामाणिकपणा म्हणावा का?

तरीही तुमचा एक मुद्दा मला रात्री उशिरापर्यंत टोचत राहिला. गोलाबाहेरच्या अनंत द्रव्याचं ओढणं शून्य धरायचं कशाच्या जोरावर? न्यूटन तिथे हात वर करतो, आणि बर्कहॉफचं प्रमेय (सगळीकडे सारख्या, गोलाकार रचनेत बाहेरच्या द्रव्याचा आत परिणाम होत नाही) लागतं ते सापेक्षतेतलंच. हे मी वर्गात सांगत नव्हतो. दुसरी गोची दाबाची. न्यूटनच्या हिशेबात फक्त घनता ओढते, आइन्स्टाइनच्या हिशेबात दाबही ओढतो, तोही तिपटीनं. सुरुवातीच्या प्रारणानं (प्रकाशासारख्या ऊर्जेनं) भरलेल्या विश्वात हे सोडून चालत नाही. आणि प्रसरणाचा वेग वाढतोय हे 1998 साली कळलं, त्याची किल्ली तर ओढण्याऐवजी ढकलणाऱ्या ऋण दाबातच आहे. मी ‘हे पुढे एमएस्सीला बघाल’ म्हणून पुढे सरकलो. जी मुलं एमएस्सीला जाणार नाहीत असं वर स्वतःच म्हणतोय, त्यांनाच हे सांगितलं!

हबलचा तास मात्र सोडणार नाही. त्याच्या 1929च्या तक्त्यातल्या 24 दीर्घिकांची अंतरं आणि वेग मुलं आलेखकागदावर मांडतात. देवयानी दीर्घिकेसारखे काही ठिपके शून्याच्या खाली जातात, कारण त्या आपल्याकडे येताहेत. ते खोडायचा मोह दर वर्षी कुणाला तरी होतोच. चढ येतो 500च्या आसपास, आज आपण 67 ते 73 मानतो. मग एक भागिले एच करायला सांगतो. विश्वाचं वय 200 कोटी वर्षं! भूगोलात पृथ्वीचं वय साडेचारशे कोटी शिकलेली पोरं हसतात, पण चूक गणितात सापडत नाही, कारण ती अंतरांत आहे. अंतरं मोजायला वापरलेले सेफीड तारे (ठरावीक काळानं तेज कमीजास्त होणारे) दोन जातींचे असतात हे खगोलशास्त्रज्ञ बाडनं 1952 साली जाहीर केलं आणि एका झटक्यात अंतरं दुप्पट झाली. तरी पुरं पडलं नाही, पुढे आणखी दुरुस्त्या झाल्या. बरोबर आकडा पहिल्याच दिवशी फळ्यावर लिहिला असता तर ही झटापट मुलांना दिसली नसती.

नारळीकरांबद्दल थोडक्यात. खगोलशास्त्रज्ञ हॉइल, बर्बिज यांच्यासोबत त्यांनी 1993 साली मांडलेली, एकच महास्फोट न मानणारी स्थिरवत् विश्वाची कल्पना मी सांगतो, आदरानंच. पण 1965 साली सापडलेलं आणि आज 2.725 केल्व्हिन मोजलं जाणारं पार्श्वप्रारण (महास्फोटाच्या उष्णतेचा आकाशभर पसरलेला अवशेष) समोर असताना तिला बरोबरीचा पक्ष म्हणून उभं करत नाही. माझा आक्षेप वेगळाच आहे, तो ‘महास्फोट’ या शब्दावर. चित्र काढा म्हटलं की पोरं काळोखात एक ठिणगी काढतात आणि आपण ती बाहेरून बघतोय असं दाखवतात, जणू विश्वाला ‘बाहेर’ असतं. मूळ इंग्रजी नावही हॉइलनंच 1949 साली रेडिओवर दिलेलं, म्हणजे विरोधकाचं.

माझ्या टिपणांत ‘न्यूटनवरून फ्रीडमनचं समीकरण सिद्ध होतं’ अशी ओळ होती. काल ती खोडून ‘दाब नगण्य असेल तर न्यूटनवरूनही हेच समीकरण मिळतं, गोलाबाहेरचं का सोडलं, ते विचारा’ असं लिहिलं आहे. आणि सहाचे सात तास मागितले आहेत. विभागप्रमुख अजून काही बोललेले नाहीत.