‘काय खाल्लं?’च्या आधी ‘काय झालं?’ विचारा

चवथ (गणेशचतुर्थी) होऊन आठ-दहा दिवस झाले होते. आईला मधुमेह आहे. तिने रात्री आठला नेहमीसारखी पेज घेतली. दहाच्या सुमारास फोन आला: पर्वरीला दादाची स्कूटर घसरली, त्याला बांबोळीच्या इस्पितळात नेताहेत.

आई खुर्चीत बसली ती बसलीच. तळहात घामाने ओले, छातीत धडधड. “म्हाका घुंवळ येता गो,” (मला चक्कर येते गं) एवढंच बोलली. साखर उतरली असणार, म्हणून मी साखरेचा डबा घेऊन धावले. वहिनीने अडवलं. “थांब, मशीन इथंच आहे, आधी बोट टोचून बघूया.” आकडा आला २६३. एरवी त्या वेळेला दीडशेच्या आसपास असते.

घाम, धडधड, थरथर ही साखर उतरल्याची लक्षणं, आणि घाबरल्याचीही तीच. दोन्हीकडे अॅड्रिनलीन हे संप्रेरकच काम करतं. (मशीन हाताशी नसेल तर मात्र साखर उतरली असंच धरून गोड द्यावं. उतरलेली साखर जास्त धोक्याची.)

दादाचा हात मोडला, बाकी निभावलं. आईची उपाशीपोटीची साखर मात्र आठवडाभर १८०-१९० च्या खाली येईना. तपासायला नेलं तर डॉक्टरांनी वही चाळून विचारलं, “नेवऱ्या चालल्यात वाटतं?” आईने मान खाली घातली. तिने नेवरी (चवथीची करंजी) तोंडातसुद्धा घातली नव्हती. ती खाली गेलेली मान माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही, म्हणून हे लिहिते आहे.

संकटाची चाहूल लागली की मेंदूतला भीती ओळखणारा भाग, अमिग्डाला, मेंदूतल्याच हायपोथॅलॅमस या नियंत्रण-केंद्राला जागं करतो. तिथून मज्जातंतूंवाटे मूत्रपिंडांवरच्या अॅड्रिनल ग्रंथींना क्षणात निरोप जातो आणि अॅड्रिनलीन सुटतं. यकृत साठवलेलं ग्लायकोजेन फोडून साखर रक्तात ओततं, स्वादुपिंड इन्सुलिन देताना हात आखडतं. मागून मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्युटरी ग्रंथीच्या वाटेने कॉर्टिसोल हे दुसरं संप्रेरक येतं. ते सावकाश येतं, पण मुक्काम ठोकतं. यकृत नवी साखर घडवायला लागतं, स्नायू इन्सुलिनला दाद देत नाहीत. वाघ मागे लागला तर पळायला हेच इंधन लागतं. आई तर खुर्चीत बसून होती. ज्याचं इन्सुलिन मुळातच अपुरं, त्याच्या रक्तात ही साखर तशीच साचून राहते.

हे काही आजचं ज्ञान नाही. १९१३ मध्ये अमेरिकेत शरीरक्रियाशास्त्रज्ञ वॉल्टर कॅनन यांनी हार्वर्डच्या २५ फुटबॉल खेळाडूंची लघवी मोसमातल्या अटीतटीच्या शेवटच्या सामन्यानंतर तपासली. १२ जणांच्या लघवीत साखर निघाली. त्यातले पाच जण तर राखीव होते, मैदानात उतरलेच नव्हते! नुसता सामना बघून ही गत, तर आईचं काय झालं असेल?

आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत मधुमेहाचं प्रमाण देशात सर्वांत जास्त आपल्या गोव्यात निघालं, २६.४ टक्के. म्हणजे चार मोठ्या माणसांत एक. तुमच्याही घरात कोणीतरी असेलच. आणि त्याला आपण काय विचारतो? भात किती घेतलास, पाव खाल्लास का, जत्रेत खाजं खाल्लंस ना? पथ्य, गोळ्या, चालणं हवंच. ताण आहे म्हणून कोणी गोळी बंद करू नये आणि भाताचा डोंगरही वाढून घेऊ नये. पण रात्रभर झोप नाही, जमिनीची केस पंधरा वर्षं लोंबकळते आहे, मुलगा बोटीवर आहे आणि चार दिवस फोन नाही, हे सगळंही त्या आकड्यात असतं. ते न विचारता माणसाला खादाड ठरवणं हा अन्याय आहे. त्या टोमण्याचा ताण पुन्हा त्याच्याच अंगावर बसतो.

आता आईच्या वहीत तारीख आणि आकड्याच्या बाजूला मी ‘काय झालं?’ असा तिसरा रकाना आखला आहे. पहिले काही दिवस तो कोराच होता. मग तिने स्वतःच पेन घेतलं. परवाची नोंद तिच्याच अक्षरात आहे: ‘१३४. दादाचं प्लास्टर काढलं. रात्री झोप लागली.’